पैदाशीच्या घोड्याचा स्वभाव

ज्याच्या पाठीवर स्वार बसत नाही, ज्याला टांगा ओढावा लागत नाही, आणि वर्षातले चार-पाच महिने दिवसातून एक-दोनदा काही मिनिटांपुरते काम केले म्हणजे ज्याची सारी चाकरी रुजू झाली असे धरले जाते, त्या पैदाशीच्या घोड्याइतका महागडा आणि त्याच्याइतका गैरसमजांनी वेढलेला प्राणी माणसाच्या दावणीला क्वचितच दुसरा सापडेल. नर घोडा म्हटला की तो चावरा असावयाचा, दुगाण्या झाडणारा असावयाचा, घोडीचा वास लागताच अगाडी-पिछाडी तोडून उधळणारा असावयाचा, अशी समजूत पागेबाहेरच्या लोकांचीच नव्हे, तर पागेत हयात घालवलेल्या पुष्कळ मोतद्दारांचीही असते. ही समजूत निराधार आहे असे म्हणता येणार नाही. परंतु तिचा आधार घोड्याच्या रक्तात किती आणि त्याच्या ठाणात किती, याचा जमाखर्च नीट मांडला, तर ठाणाच्या बाजूची रक्कम आपल्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच मोठी निघते, असे माझे मत आहे.

समजुतीच्या बाजूचे दाखले प्रथम पाहू. इटलीचा विख्यात अश्वपालक फेदेरिको तेसिओ याच्या पैदाशीत 1952 साली जन्मलेला रिबो हा घोडा सोळा शर्यती धावला आणि सोळाही जिंकला. पॅरिसची ‘प्री द लार्क द त्रिओंफ’ ही युरोपातील अत्यंत मानाची शर्यत त्याने 1955 आणि 1956 अशी लागोपाठ दोन वर्षे मारली. पुढे पाच वर्षांच्या कराराने त्याला अमेरिकेतील केंटकी प्रांतात पैदाशीसाठी नेण्यात आले. कराराची मुदत संपली तेव्हा त्याचा स्वभाव इतका बिघडलेला होता की परतीच्या प्रवासासाठी त्याचा विमा उतरवावयास कोणी राजी होईना, आणि अखेर 1972 साली त्या परमुलखातच त्याला मरण आले. त्याच्याही आधीचा इंग्लंडमधील सेंट सायमन हा 1881 सालचा घोडा शर्यतींत कधी हरला नाही, आणि पैदाशीत तर त्याने नऊ वर्षे इंग्लंडातील अग्रगण्य जनकाचा मान मिळवला. पण तो इतका तापट की त्याला काही सोबत मिळून तो निवळावा म्हणून त्याच्या ठाणात एक मांजर सोडण्यात आले, तेव्हा त्याने त्या बिचाऱ्या जीवाला तोंडात धरून छताकडे भिरकावले आणि ठार केले.

आता याच्या शेजारी दुसरे मांजर ठेवून पाहावे. आजच्या शर्यतीच्या ‘थरोब्रेड’ जातीचे जे तीन मूळपुरुष मानले जातात, त्यांपैकी गोडॉल्फिन अरेबियन हा घोडा ट्युनिसहून फ्रान्समार्गे इंग्लंडला आला आणि 1753 साली केंब्रिजजवळ मरण पावला. त्याच्या चित्रात त्याच्या पायांशी एक मांजर दाखवलेले आढळते, आणि त्या दोघांचे सख्य इतके दाट होते की एकाला दुसऱ्यावाचून चैन पडत नसे, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. एकच लिंग, जवळपास एकच रक्त, कारण सेंट सायमनच्या वंशावळीतही गोडॉल्फिनचे नाव येतेच. आणि तरीही एकाच्या ठाणात मांजर सुखाने नांदते, दुसऱ्याच्या ठाणात त्याचा जीव जातो. नर घोड्याच्या स्वभावाविषयी सरसकट विधान करू पाहणाऱ्याने या दोन मांजरांचा आधी विचार करावा.

मोकळ्या रानातला नर कसा वागतो हे पाहिल्यावाचून पागेतल्या नराविषयी काही निर्णय देणे म्हणजे केवळ तुरुंगातील माणसे पाहून मनुष्यस्वभावावर ग्रंथ लिहिण्यासारखे आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातील मस्टँग असोत किंवा मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात पुन्हा नेऊन सोडलेले प्रझेवाल्स्की घोडे असोत, ते लहान लहान कुटुंबांत राहतात. एक नर, काही थोड्या घोड्या आणि त्यांची वयात न आलेली शिंगरे, एवढाच त्या कुटुंबाचा पसारा. या कुटुंबात नराची सत्ता निरंकुश असावी अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात पाणवठ्याकडे केव्हा निघावयाचे आणि कोणत्या वाटेने जावयाचे हे बहुधा एखादी वयस्क घोडी ठरवते, आणि नर मागे राहून पिछाडी सांभाळतो, रेंगाळणारीला पुढे घालतो, आणि परका घोडा दिसला की त्याच्या व आपल्या कुटुंबाच्या मध्ये जाऊन उभा राहतो. शिंगरे त्याच्या पोटाखालून धावतात, त्याची आयाळ ओढतात, आणि तो ते निमूटपणे सोसतो. पूर्वीच्या नराला हुसकावून कुटुंब ताब्यात घेणाऱ्या नव्या नराने आधीच्याचे शिंगरू मारल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत, हे सांगितले पाहिजे. पण ती अपवादात्मक आहेत.

दोन नरांची गाठ पडली असता काय घडते, हे तर विशेष पाहण्यासारखे असते. चित्रपटातल्याप्रमाणे ते लगेच मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांचे लचके तोडत नाहीत. प्रथम दोघेही दुरून मान कमानीसारखी वळवून, पावले उंच उचलत जवळ येतात; नाकाला नाक भिडते, मग मान, मग बरगडी, मग शेपटीचे मूळ असा वास घेण्याचा क्रम यथासांग पार पडतो; एकजण चिरक्या आवाजात किंचाळतो आणि पुढचा पाय जमिनीवर आपटतो. त्यानंतर दोघे लिदीच्या एका जुन्या ढिगाकडे जातात, एक त्यावर लीद टाकतो, वळून तिचा वास घेतो, दुसरा तेच करतो, आणि पुष्कळदा एवढ्यावरच मामला मिटून दोघे आपापल्या वाटेने निघून जातात. सरहद्दीवरचे दोन अंमलदार शिक्कामोर्तबाचे कागद तपासून परततात, त्यात आणि यात फारसे अंतर नाही. प्रत्यक्ष चावणे, लाथा मारणे, गुडघ्यांवर बसवून खाली दाबणे, हे प्रकार होतात. परंतु या सगळ्या शिष्टाचाराने निकाल लागला नाही तरच.

हा शिष्टाचार नराला कोण शिकवतो? शिंगरू दोन-तीन वर्षांचे झाले की त्याला आपल्या कुटुंबातून बाहेर पडावे लागते. मग असे बाहेर पडलेले तरुण नर एकत्र येऊन टोळी करतात, आणि स्वतःचे कुटुंब मिळेपर्यंत काही वर्षे त्या टोळीत काढतात. तिथे दिवसभर खोट्या झुंजी चालतात. किती जोराने चावले म्हणजे खेळ संपतो आणि भांडण सुरू होते, समोरच्याने कान मागे पाडले म्हणजे कुठे थांबावे, थोरल्यापुढे मान केव्हा खाली घालावी, हे सर्व तिथेच अंगवळणी पडते. शरीरातील नरत्वाचा रसही परिस्थितीप्रमाणे कमी-अधिक होतो. कुटुंब बाळगणाऱ्या नराच्या रक्तात ‘टेस्टोस्टेरॉन’चे प्रमाण अधिक असते, टोळीत राहणाऱ्याच्या रक्तात कमी, आणि पागेतही घोड्यांच्या शेजारी बांधलेल्या नरात ते चढते, नरांच्याच संगतीत ठेवलेल्यात उतरते. म्हणजे ज्याला आपण जन्मजात स्वभाव म्हणतो, तो शेजार बदलला की बदलतो.

आता शर्यतीच्या पागेतील नराचे आयुष्य याच्याशी ताडून पाहावे. पाच-सहा महिन्यांचे झाले की शिंगराला आईपासून तोडतात. वर्षाचे झाल्यावर नर-मादी वेगळी करतात. नराच्या अंगावर जखम झाली तर त्याची किंमत उतरते, म्हणून समवयस्क नरांशी दांडगाई करण्याची संधी त्याला थोडीच मिळते. दुसऱ्या वर्षी खोगीर चढते. शर्यतीच्या काळात घोडीकडे पाहून तो खिंकाळला किंवा उत्तेजित झाला की त्याला दटावले जाते, कधी मारलेही जाते. चौथ्या-पाचव्या वर्षी, यश मिळाले असल्यास, त्याला एकाएकी पैदास-पागेत नेऊन सांगितले जाते की आजवर जे केल्याबद्दल तू मार खाल्लास, तेच यापुढे तुझे कर्तव्य आहे. तिथे उंच कुंपणाचे स्वतंत्र आवार, स्वतंत्र ठाण, उत्तम चंदी, दिवसातून दोनदा खरारा. आणि या सगळ्या बडदास्तीच्या बदल्यात आपल्या जातीच्या दुसऱ्या प्राण्याचा सहवास एवढीच एक गोष्ट नाही. घोडी त्याला दिसते ती फक्त भरवण्यापुरती. अशा एकांतात काही नर स्वतःच्याच बरगड्यांचे आणि मांड्यांचे चावे घेऊ लागतात. एखादा दिवसभर दारापाशी डोलत राहतो. एखादा आपल्या मोतद्दाराला प्रतिस्पर्धी समजून त्याच्यावर धावून जातो, कारण दुसरा प्रतिस्पर्धी, किंवा खरे म्हणजे दुसरा कोणीच, त्याच्या वाट्याला येत नाही.

स्वित्झर्लंडमधील आवाँश येथील राष्ट्रीय पैदास-पागेने अलीकडच्या काळात याविषयी धाडसी प्रयोग केले. पैदाशीचा हंगाम संपल्यावर तिथल्या फ्रायबर्गर जातीच्या नरांना, घोड्या दृष्टीआड ठेवून, एकत्र चरावयास सोडण्यात आले. रक्तपात होईल अशी भीती होती. पण वर वर्णिलेला सगळा शिष्टाचार पार पडला, पहिल्या काही दिवसांतच कुरबुरी झपाट्याने कमी झाल्या, आणि कळपाची घडी बसली. एकलकोंड्या आयुष्यातही तो शिष्टाचार त्यांच्या ठिकाणी जिवंत राहिला होता, ही त्यातली आश्चर्याची गोष्ट.

रक्ताच्या बाजूचे एक कलम मात्र मांडले पाहिजे, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. अमेरिकेतील हेलो हा घोडा इतका चावरा होता की त्याला तोंडाला जाळी बांधून ठेवीत. त्याचा मुलगा संडे सायलेन्स 1989 साली ‘केंटकी डर्बी’ जिंकला, पण त्याची वंशावळ आणि त्याचे रूप अमेरिकन पालकांच्या मनात भरले नाही, म्हणून तो जपानला विकला गेला; आणि तिथे 1995 पासून 2007 पर्यंत सलग तेरा वर्षे तो त्या देशाचा अग्रगण्य जनक ठरला. बापाचा कडवा स्वभाव त्याच्यात होता, आणि त्याच्या संततीपैकी अनेकांत तो उतरला असे जपानी घोडेवाले सांगतात. वेगासाठी स्वभावाची सगळी थकबाकी माफ करण्याची जी प्रथा शर्यतीच्या व्यवसायात रूढ आहे, तिची किंमत पुढच्या पिढीचे मोतद्दार आपल्या बोटांनी आणि बरगड्यांनी चुकती करतात, हे मात्र वंशावळीच्या नोंदवहीत कुठेच लिहिले जात नाही.

पैदाशीचे काम ऋतूशी बांधलेले आहे. दिवस मोठा होऊ लागला की घोडी माजावर येते. माज सुमारे एकवीस दिवसांनी फिरून येतो आणि पाच ते सात दिवस टिकतो. बीज बहुधा माजाच्या अखेरच्या एक-दोन दिवसांत सुटते. गर्भाचा काळ सुमारे अकरा महिन्यांचा, म्हणजे वसंतात भरलेली घोडी पुढच्या वसंतात, कोवळे गवत फुटण्याच्या सुमारास व्यावी, अशी ही सृष्टीची तजवीज आहे. उत्तर गोलार्धातल्या शर्यतीच्या जगाने मात्र सर्व घोड्यांचा वाढदिवस 1 जानेवारी असा मुकर्रर केला; त्यामुळे डिसेंबरअखेर जन्मलेले शिंगरू दुसऱ्याच दिवशी कागदोपत्री एक वर्षाचे होते, आणि लवकर जन्मलेल्याला फायदा मिळावा म्हणून घोड्यांच्या ठाणात थंडीतच रात्री दिवे जाळून त्यांच्या शरीराला उन्हाळा आल्याचे भासवण्यात येते.

घोडी माजावर आहे की नाही हे ठरवण्याचे काम मौल्यवान नरावर सोपवत नाहीत. न जाणो, तिने लाथ मारली तर लाखांचे नुकसान. त्यासाठी एक हलक्या किमतीचा नर वेगळा पाळलेला असतो. पागेत त्याला इंग्रजी नावाने ‘टीझर’ म्हणतात. आडव्या, गादी लावलेल्या फळीच्या एका बाजूस त्याला आणि दुसऱ्या बाजूस घोडीला उभे करतात. तो तिच्या मानेला, बगलेला हुंगतो, हळू आवाजात फुरफुरतो. तिच्या मूत्राचा वास आला की मान उंचावून वरचा ओठ उलटा दुमडतो आणि काही क्षण तसाच, डोळे अर्धवट मिटून, उभा राहतो. त्याच्या टाळूच्या वर, नाकाच्या तळाशी असलेल्या जेकबसनच्या इंद्रियापर्यंत तो वास पोहोचवण्याची ही युक्ती असते. घोडी माजावर नसेल तर कान मागे पाडून किंचाळते आणि फळीवर लाथ मारते. असेल तर शेपटी बाजूला करते, मागचे पाय किंचित वाकवते आणि स्थिर उभी राहते. ती स्थिर उभी राहिली की त्या नराचे काम संपते, आणि त्याला परत ठाणावर नेतात. दररोज कित्येक घोड्यांसमोर त्याने याचना करावी आणि होकार मिळताच बाजूला व्हावे, असा त्याचा हुद्दा. तरीही चांगले टीझर बहुधा शांत स्वभावाचे असतात, आणि जाणती पागा त्यांना अधूनमधून एखादी साधी घोडी देऊन त्यांची उमेद राखते.

गोडॉल्फिन अरेबियनविषयी अशी आख्यायिका आहे की इंग्लंडात आल्यावर त्याला प्रारंभी याच कामावर, हॉबगॉब्लिन नावाच्या मानाच्या घोड्यासाठी, तैनात केले होते. रोक्झाना नावाच्या घोडीच्या वेळी मात्र हॉबगॉब्लिनशी तिचे जमले नाही, आणि तिला गोडॉल्फिनकडून लाथ नावाचे शिंगरू झाले, जे पुढे नामांकित धावपटू ठरले. कथेचा तपशील निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळा दिला असून त्यावर फार भिस्त ठेवू नये. मात्र लाथ हा गोडॉल्फिनचा मुलगा होता, यात वाद नाही.

प्रत्यक्ष भरवण्याचा विधी पाहणाऱ्याला थोडासा शस्त्रक्रियेसारखा वाटतो. घोडीच्या शेपटीला पट्टी गुंडाळतात, मागचा भाग धुऊन काढतात, मागच्या खुरांना जाड नमद्याचे बूट चढवतात, मानेवर चामड्याची झूल घालतात, म्हणजे नराने मान दातांत धरली तरी इजा होऊ नये. वरच्या ओठाला दोरीचा पीळ देऊन एकजण तिला स्थिर धरतो. नराला लगामाबरोबर साखळी लावून डाव्या बाजूने आणतात, आणि इथेच जाणत्या माणसाची कसोटी लागते: घोडा अधीर झाला म्हणून साखळीला हिसके दिले तर तो एक तर उसळतो किंवा खट्टू होऊन मागे सरतो, त्याला घोडीच्या खांद्याकडून तिरके नेऊन तिला नाकाने बोलू द्यावे, तिने होकार दिल्याची त्याची खात्री होऊ द्यावी, म्हणजे पुढचा प्रकार एखाद्या मिनिटात उरकतो. शेपटी तालात खाली-वर झाली की काम झाल्याची खूण समजतात. घोडी खाली उतरणाऱ्या नरावर लाथ झाडू शकते, म्हणून उतरताच तिचे तोंड त्याच्याकडे वळवतात.

एवढ्या थोड्या वेळासाठी मोजल्या जाणाऱ्या रकमा ऐकून सामान्य माणूस चक्रावतो. कॅनडात 1961 साली जन्मलेला नॉर्दर्न डान्सर हा घोडा इतका ठेंगणा होता की उंच घोड्यांसाठी त्याच्या पागेत जमिनीची उंची कमी-जास्त करून घ्यावी लागली. आणि 1980 नंतरच्या दशकात त्याच्याकडून एक घोडी भरवून घेण्याची किंमत दहा लाख डॉलरपर्यंत पोहोचली होती. थरोब्रेड जातीच्या नोंदवहीत कृत्रिम रेतनाने जन्मलेल्या शिंगराला जागा नाही. इतर जातींत बर्फाच्या पेटीतून किंवा द्रव नायट्रोजनमधून वीर्य सातासमुद्रांपार जाते, पण इथे नराला आणि घोडीला समोरासमोर यावेच लागते. म्हणून मोठ्या किमतीचे नर आता विमानाने उत्तर गोलार्धातून दक्षिण गोलार्धात आणि तिथून परत अशा वाऱ्या करतात, आणि वर्षातून दोन हंगाम कामाला लागतात. निसर्गाने मात्र या व्यापाराला काही जामीन दिलेला नाही. लागोपाठ सोळा शर्यती जिंकलेला सिगार पैदाशीला आला आणि नपुंसक नसूनही वांझ ठरला. विमा कंपनीला भरपाई द्यावी लागली. 2002 सालचा ‘केंटकी डर्बी’चा विजेता वॉर एम्ब्लेम जपानला संडे सायलेन्सचा वारस म्हणून नेला, तर त्याला बहुतेक घोड्यांविषयी कसलेच आकर्षण वाटेना; हंगामामागून हंगाम त्याची मनधरणी करण्यात गेले. अंगी वेग असणे, कामेच्छा असणे आणि वीर्य सकस असणे या तीन निरनिराळ्या देणग्या आहेत, आणि तिन्ही एकाच घोड्यात सापडतील अशी हमी कोणत्याच वंशावळीत लिहिलेली नसते.

आपल्या देशात पैदाशीच्या घोड्याविषयी विचार झाला नाही असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. घोड्यांची नोंद कशी ठेवावी, कांबोज, सैंधव, आरट्ट आणि वनायु या प्रदेशांतले घोडे उत्तम समजावेत, व्यालेल्या घोडीला तीन रात्री तूप पाजावे, हे तिथे आहे, आणि घोड्या, पैदाशीचे नर व शिंगरे यांच्यासाठी पागेत निरनिराळ्या जागा असाव्यात असाही नियम आहे. परंतु दक्षिणेच्या राजांनी घरची पैदास वाढवण्यापेक्षा समुद्रमार्गे अरबी घोडे विकत घेणेच पसंत केले. तेराव्या शतकात तमिळ किनाऱ्यावर आलेल्या मार्को पोलोने तर नोंदवून ठेवले की त्या मुलखात उमद्या घोडीला उमदा घोडा लावला तरी पोटी येते ते खुजे, वाकड्या पायांचे, स्वारीस नालायक शिंगरू. दोष त्याने हवेवर टाकला. माझ्या मते चाऱ्यावर आणि पाळण्याच्या रीतीवर टाकावयास हवा होता, कारण घोड्यांना शिजवलेले अन्न चारण्याचा तिथला प्रकार त्यानेच लिहून ठेवला आहे. सोळाव्या शतकात होर्मुझहून गोव्याला येणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावर पोर्तुगिजांनी ताबा मिळवला, तो विजयनगर आणि विजापूर यांची हीच गरज ओळखून.

कंपनी सरकारचीही हीच कथा. बिहारातील पुसा येथे अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीने फौजेसाठी पैदास-पागा काढली, आणि 1808 साली तिचा कारभार विल्यम मूरक्रॉफ्ट या अश्ववैद्याकडे आला. कंपनीच्या घोड्या आसपासच्या असाम्यांना वाटावयाच्या, सरकारी नराकडून त्या भरवावयाच्या, आणि होणाऱ्या शिंगरावर खरेदीचा पहिला हक्क सरकारचा, असा तिथला शिरस्ता होता. मूरक्रॉफ्टच्या मनाने असे घेतले की उत्तम नर मिळाल्यावाचून हे सर्व व्यर्थ आहे, आणि असे नर मध्य आशियातच मिळतील. 1812 साली तो गोसाव्याच्या वेषात मानसरोवरापर्यंत जाऊन आला. पुन्हा निघाला तो लडाख, काश्मीर, काबूल असा मजल दरमजल करीत 1825 च्या प्रारंभी बुखाऱ्याला पोहोचला. वर्षानुवर्षांच्या त्या यातायातीनंतर हाती लागले ते मोजके घोडे, आणि परतीच्या वाटेवर त्याच वर्षी अंदखुई येथे तो वारला. त्याच्या चिकाटीविषयी मला आदर वाटतो. पण शिंगराचे अर्धे रक्त घोडीचे असते आणि पहिल्या सहा महिन्यांची शाळा तर सर्वस्वी तिचीच, ही गोष्ट त्या सबंध खटाटोपात दुय्यम राहिली. फ्रान्समधील संशोधकांनी दाखवून दिले आहे की घोडीला शिंगरासमोर काही दिवस नुसते मायेने खरारा केला, तरी ते शिंगरू पुढे माणसाला कमी बिचकते. बाप त्याने जन्मात पाहिलेला नसतो. अरबस्तानातील बदाऊनी वंश आईच्या नावाने मोजला आणि छाप्याला जाताना घोडीच वापरली, ती उगाच नव्हे. आपल्या भीमा-नीरेच्या खोऱ्यांतील काटक भीमथडी घोडे, ज्यांना अलीकडे स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली, तेही अरबी आणि तुर्की नर स्थानिक घोड्यांना लावून घडले, असेच मानतात.

राहता राहिला प्रश्न खच्ची करण्याचा. हिंदुस्थानातील फौजांत दीर्घकाळ अखंड नरच वापरीत, आणि गोऱ्या रिसाल्यांनीही इथे आल्यावर तीच रीत उचलली. कॅप्टन नोलन याने 1853 साली प्रसिद्ध केलेल्या घोडदळावरील पुस्तकात मद्रास इलाख्यातल्या पंधराव्या हुसार रिसाल्यातील एका चाचणीची हकीकत दिली आहे. आखते घोडे लांबच्या मजला सोसणार नाहीत अशी सर्वांची खात्री असताना दोन्ही प्रकारचे घोडे एकाच लांब कूचावर नेण्यात आले, आणि आखते घोडे कुठेच कमी पडले नाहीत. शिवाय रात्री तळावर त्यांनी एकमेकांवर तुटून पडून झोपमोड केली नाही. शंभरातले नव्वद नर पैदाशीच्या योग्यतेचे नसतात, आणि त्यांना अखंड ठेवून जन्मभर एकटे कोंडण्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांचे असता आखते करून कळपात सोडणे हेच अधिक दयेचे आहे, असे मी म्हटले तर कित्येक घोडेशौकिनांना राग येईल, पण माझा इलाज नाही. मात्र आखता केल्याने सर्व खोडी जातात असे समजू नये. रक्तातला रस लवकर उतरतो, परंतु आखत्या घोड्यांपैकी चौथ्या हिश्श्याच्या आसपास घोडे पुढेही घोडीभोवती नरासारखे वागतात, आणि लहानपणी खच्ची केले की मोठेपणी, याने त्यात विशेष फरक पडत नाही.

तापीकाठी सारंगखेड्यास दत्तजयंतीला जी यात्रा भरते, तिथे हे सर्व एका फेरीत पाहावयास मिळते. रांगेत बांधलेले नर, ज्यांना दोन्ही बाजूंचे शेजारी सकाळपासून दिसत असतात, ते दुपारी एक मागचा पाय ढिला सोडून, खालचा ओठ लोंबता ठेवून डुलक्या घेतात. आणि मोठ्या किमतीचा म्हणून ज्याला कनातीआड वेगळा ठेवलेला असतो, तो पलीकडून गेलेल्या प्रत्येक घोडीमागे खिंकाळून घामाघूम होतो, आणि त्याचे ते घामाघूम होणेच पाणीदारपणाचे लक्षण म्हणून गिऱ्हाइकाला दाखवले जाते. गिऱ्हाईकही आधी भोवरे पाहतो, देवमण आहे का विचारतो, पंचकल्याणी असेल तर खूश होतो, मग चाल आणि नाच पाहून सौद्याला बसतो. ज्याला घोडा पैदाशीसाठी हवा आहे त्याने इसार देण्यापूर्वी तीन गोष्टींचा आग्रह धरावा: घोड्याची आई पाहावयास मिळावी, तो ज्या ठाणावर वाढला ते ठाण पाहावयास मिळावे, आणि कनात काढून दोन तास त्याला इतर घोड्यांच्या नजरेत, घोडी जवळ न आणता, बांधून ठेवावे. दुसऱ्या तासाच्या अखेरीस तो कसा उभा आहे, त्यावरून पुष्कळ कळते. विकणारा या तिसऱ्या गोष्टीला राजी झाला नाही, तर किंमत पाडून मागावी.